सातारचा पाऊस आणि फ्रेंचांचे दोन भाग

फ्रेंच माणसापुढे कुठलाही विषय ठेवा, तो आधी त्याचे दोन भाग पाडतो. पहिला भाग, त्यात अ आणि ब. दुसरा भाग, त्यातही अ आणि ब. त्याआधी प्रस्तावना, तिच्या शेवटी एक टोकदार प्रश्न, आणि त्याचं उत्तर या चार कप्प्यांतूनच निघालं पाहिजे. याला इथे ‘प्लां’ म्हणतात. निबंधाला प्लां, तोंडी सादरीकरणाला प्लां, परीक्षेच्या पेपराला तर हवाच. ‘‘तीन भाग केले तर?’’ मी एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘करा की. पण मग दोनात मांडणं तुम्हाला जमलं नाही, असं मी समजेन.’’

पॅरिसला आल्यापासून संप, बँकेची कागदपत्रं, रविवारची बंद दुकानं सगळं पचलं. हा प्लां तेवढा घशाखाली उतरत नाही. आपण बोलायला लागलो की मुद्द्याला फांदी फुटते, मध्येच एखादी गोष्ट आठवते, आणि फिरून आपण बरोबर जागेवर येतो. कीर्तनकार नाही का येत? (कीर्तनातही पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोनच भाग असतात, हे आईने फोनवर सुनावलं. पण ते वेगळं.)

माझा विषय समकालीन राजकीय नेतृत्व, आणि तो फ्रेंचमधून शिकायचा. म्हणजे भाषणं ऐकायची, शब्दन् शब्द उतरवून काढायची, मग चिरफाड. 1974 च्या टीव्ही वादात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिस्कार प्रतिस्पर्धी मित्तेराँना म्हणाले होते की हृदयाची मक्तेदारी तुमच्याकडे नाही. ते मला आता पाठ आहे. द गॉल यांनी 1962 च्या सार्वमतातून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक आणली, तेव्हापासून फ्रेंचांना एलिझे राजवाड्यात, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवासात, नक्की कोण हवंय, याभोवती अख्खा कोर्स फिरतो. माक्रों मंत्री असताना, 2015 मध्ये, म्हणाले होते की फ्रेंच राजकारणात राजाची जागा रिकामी आहे. दोन वर्षांनी स्वतःच जाऊन बसले.

मग एका तासाला माक्रोंच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांचा पाऊस आला. 25 ऑगस्ट 2014, ब्रिटनीच्या किनाऱ्यापलीकडचं इल द सँ हे इवलंसं बेट. 1940 मध्ये इथले पुरुष होड्या काढून इंग्लंडला, द गॉलकडे गेले होते. त्यांच्या स्मरणाचा समारंभ. धो धो पाऊस, डोक्यावर छत्री नाही, चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळतंय आणि राष्ट्राध्यक्ष कागद वाचताहेत. त्याच दिवशी सकाळी पंतप्रधान व्हाल्स यांनी सरकारचा राजीनामा दिला होता. त्या फोटोंची देशभर थट्टा झाली. 2012 मध्ये पदभार घेतला त्या दिवशीही ते शाँझेलिझेवर असेच भिजले होते, आणि नंतर बर्लिनला निघालेल्या त्यांच्या विमानावर वीज पडली होती. वर्ग हसत होता. निष्कर्ष असा निघाला की भिजलेला राष्ट्राध्यक्ष म्हणजे ज्याच्या हातात काही उरलेलं नाही असा माणूस.

मला राहवेना. मी हात वर केला आणि शरद पवारांची साताऱ्याची पावसातली सभा सांगितली. मॅडम म्हणाल्या, मग करा सादरीकरण.

मी कोणाची समर्थक वगैरे प्रश्न बाजूला ठेवा, आमच्या एका घरात चार पक्ष आहेत. पण 18 ऑक्टोबर 2019 चा तो व्हिडिओ परक्या वर्गात मोठ्या पडद्यावर लागला तेव्हा अंगावर काटा आला. 78 वर्षांचा माणूस, चिंब शर्ट, आणि लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली हे जाहीरपणे कबूल करणारं भाषण. तीन दिवसांनी मतदान, आणि तेच उमेदवार, पक्ष सोडून गेलेले उदयनराजे, 87 हजारांहून अधिक मतांनी पडले. लीलची एक मुलगी म्हणाली, ‘‘पण कोणी छत्री का नाही धरली?’’ आता हिला काय सांगू.

‘‘छान,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘पण तुमचा प्रश्न काय? प्लां कुठे आहे?’’ आणि त्यांनीच खडू उचलला. एक, पावसाने काय दाखवलं: अ, थकलेलं शरीर, ब, न हललेली गर्दी. दोन, पावसाने काय झाकलं: अ, पक्ष सोडून गेलेले नेते; ब, ते का गेले.

ज्यांना सातारा नकाशावर दाखवता येणार नाही, त्यांनी आमच्या पावसाचा चार ओळींत पंचनामा करावा, याचा राग आला. ओलाँद देशाचे प्रमुख होते आणि पवार प्रचारातले विरोधक, तुलना लंगडी आहे, हेही कोणीतरी सुनावलं. असेल. पण ओलाँद कागद वाचत होते. भर पावसात कागद वाचणाऱ्याला साताऱ्याने पहिल्या मिनिटाला घरी पाठवलं असतं.

‘‘पुढे काय झालं?’’ हा प्रश्न येणारच होता. 23 नोव्हेंबरचा फडणवीस-अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी आणि 80 तासांचं सरकार मी फ्रेंचमधून समजावलं. यापेक्षा अवघड परीक्षा या देशात कोणी घेतलेली नाही. वर्ग पोट धरून हसला. मग मी विचारलं, तुमच्या पंतप्रधान लकोर्नूंचं काय? 5 ऑक्टोबर 2025 ला संध्याकाळी मंत्र्यांची यादी, दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा. जेमतेम 14 तास. वर चारच दिवसांनी माक्रोंनी पुन्हा त्यांनाच नेमलं. आमचं निदान 80 तास टिकलं! मॅडमही हसल्या.

गुण 20 पैकी 11. कारण प्लां नव्हता. 2023 मध्ये पवारांचा पक्ष फुटला ते मी सांगितलं नाही. ते कोणी विचारलं नव्हतं.