‘न’ आला की कल्किन

गाण्यांच्या, गावांच्या आणि नद्यांच्या भेंड्या लहानपणी सर्वांनीच लावलेल्या असतात. मी आणि माझा आतेभाऊ मात्र गेली कित्येक वर्षे मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या खेळाडूंच्या भेंड्या लावत आलो आहोत, आणि वयाची पंचेचाळिशी उलटून गेल्यावर हे जाहीरपणे लिहिताना थोडा संकोच वाटतो. दर रविवारी सकाळी मी इंदूरच्या राजेंद्र नगरात आत्याकडे जातो, दादा पायांत चपला सरकवतो आणि आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे खायला निघतो. गाडीसमोरच्या रांगेत उभे राहिलो की भेंड्या सुरू होतात आणि पोहे संपेपर्यंत चालतात. जो हरेल त्याने जिलबीचे पैसे द्यायचे.

नियम आम्हीच केलेले आहेत आणि त्यांवरून भांडणेही आम्हीच करतो. खेळाडूचे पूर्ण नाव घ्यायचे, पण जो एकाच नावाने ओळखला जातो त्याचे तेवढेच नाव चालते. शेवटी येणाऱ्या व्यंजनावरून समोरच्याने पुढचे नाव सांगायचे. एकदा घेतलेले नाव त्या दिवसापुरते बाद होते. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की खेळाडूने युनायटेडच्या मुख्य संघाकडून निदान एक सामना खेळलेला असला पाहिजे. बदली म्हणून उतरलेला चालेल, पण नुसता बाकावर बसून परत गेलेला चालणार नाही. हा नियम दादाचा आहे. तो बँकेत नोकरीला असल्यामुळे कागदावर नोंद असल्याशिवाय त्याला काहीच पटत नाही.

पहिली दहा मिनिटे मजेत जातात, कारण बेकहॅम, गिग्स, स्कोल्स ही मंडळी दोघांनाही पाठ असतात. मराठी भेंड्यांत जसा ‘ण’ किंवा ‘ळ’ माणसाला तोंडघशी पाडतो, तसा आमच्या खेळात ‘न’ पाडतो. रॉय कीन, बॉबी चार्लटन, ब्रायन रॉबसन असे मोठमोठे लोक ‘न’वर संपतात आणि ‘न’वरून सुरू होणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. निकी बट, नेमान्या विडिच, नॉबी स्टाइल्स, नॉर्मन व्हाइटसाइड एवढे झाले की घसा कोरडा पडू लागतो. नानी हा तर रामबाण, कारण तो ‘न’ने सुरू होऊन ‘न’नेच संपतो आणि संकट जसेच्या तसे समोरच्याच्या अंगावर परत जाते, पण तो सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे पहिल्याच फेरीत खर्ची पडतो. थोर खेळाडू संपले की मग त्या दुसऱ्या मंडळींना हाक मारावी लागते, ज्यांची नावे मँचेस्टरातसुद्धा आता फारसे कोणी घेत नसेल. खरे सांगायचे तर माझा खेळ तिथून सुरू होतो.

मासिमो टायबीचेच पाहा. पीटर श्मायकल हा प्रचंड गोलरक्षक 1999 मध्ये तीन अजिंक्यपदे मिळवून गेला आणि त्याच्या जागेसाठी त्या हंगामात जी धावाधाव झाली, तिच्यात व्हेनेझिया या इटालियन क्लबकडून 45 लाख पौंड मोजून टायबीला आणण्यात आले. त्याला एकूण चारच सामने मिळाले. साउदॅम्प्टनविरुद्ध मॅट ल टिसिएने मारलेला एक मरगळलेला फटका त्याच्या हातांतून आणि पायांमधून सरपटत जाळ्यात गेला, त्याच्या पुढच्याच सामन्यात चेल्सीने पाच गोल चढवले आणि कारभार आटोपला. तेव्हापासून ‘सर्वांत वाईट गोलरक्षक’ अशी कुठलीही यादी निघाली की टायबी तिच्यात असतो. मला या याद्यांचा मनापासून राग आहे. याच माणसाला लिव्हरपूलविरुद्धच्या पहिल्या सामन्यात सामनावीर ठरवले होते, आणि इटलीत परतल्यावर 2001 मध्ये रेज्जीनाकडून खेळताना त्याने, गोलरक्षक असूनही, उदिनेझेविरुद्ध डोक्याने गोल केला होता. यादी करणारे यांपैकी काहीही सांगत नाहीत. भेंड्यांमध्ये मात्र टायबीला मान आहे, कारण ‘ब’वर संपणारे त्याच्यासारखे फारसे नाहीत.

त्याच्यावर उतारा म्हणजे बेबे. तोही नानीसारखाच दुधारी आहे. लिस्बनजवळच्या अनाथांच्या आश्रयगृहात वाढलेल्या या मुलाला 2010 मध्ये 74 लाख पौंड देऊन आणले, आणि युनायटेडचे व्यवस्थापक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी आपण त्याला विकत घेण्यापूर्वी खेळताना पाहिले नव्हते, हे स्वतःच सांगितले. आमच्या घरात सोयरीक जुळवतानासुद्धा यापेक्षा जास्त चौकशी होते. बेबे सात सामने खेळला, दोन गोल करून गेला आणि विनोदाचा विषय झाला. जानेवारी 2024 मध्ये आफ्रिकी देशांच्या स्पर्धेत केप व्हर्देकडून खेळताना त्याने मोझांबिकविरुद्ध खूप लांबून फ्री किकवर गोल मारला, तेव्हा दादाचा मला फक्त एका शब्दाचा निरोप आला होता: ‘ब’.

आमचे सर्वांत मोठे भांडण डोंग फांगझुओवरून झाले. जानेवारी 2004 मध्ये चीनमधून आलेल्या या मुलाला इंग्लंडमध्ये खेळण्याचा परवाना मिळेना, म्हणून त्याला बेल्जियमला, अँटवर्पला धाडून दिले, आणि लीगमध्ये तो युनायटेडकडून खेळला तो 9 मे 2007 रोजी, चेल्सीविरुद्ध, जेव्हा अजिंक्यपद आधीच खिशात पडलेले होते आणि त्या गोलशून्य सामन्याला काही अर्थ उरलेला नव्हता. लीगमधला तो त्याचा एकमेव सामना. प्रश्न असा उभा राहिला की त्याच्या नावानंतर ‘ओ’ घ्यायचा की ‘झ’. मी ‘ओ’ म्हणून ओले गुन्नार सोल्शेअरला तयार ठेवले होते, दादा म्हणाला, “व्यंजन म्हणजे व्यंजन. ‘झ’ सांग.” पोहे निवत चालले होते. अखेरीस झोरान टोशिच आठवला आणि लाज राहिली. सर्बियाहून आलेला तो डावखुरा मुलगा जेमतेम काही सामने खेळून गेला, पण त्या दिवशी राजेंद्र नगरात त्याने माझी बाजू सांभाळली, ही गोष्ट त्याला कधीही कळणार नाही.

आत्याला हा सगळा प्रकार खुळचटपणाचा वाटतो. “अरे, पितृपक्षात गोतावळ्याची नावं घ्यावीत तशी ही परक्यांची नावं काय घेत बसता?” असे ती एकदा म्हणाली होती. आतोबांना मात्र यात तत्त्वतः आक्षेपार्ह काही दिसत नाही, कारण ते स्वतः इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाच्या काळातून अजून पुरते बाहेर आलेले नाहीत. 1945-46 च्या हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके काढली, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि लगेच ती सहा नावे विचारतात. येणारा उत्साहाने मुश्ताक अली म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण मुश्ताक त्यांच्यात नाहीत. सी. के. नायडू, सरवटे, निंबाळकर, जगदाळे आणि भांडारकर एवढी नावे एखादा जाणकार ओढून काढतो. सहाव्यापाशी सगळे गप्प होतात. मग आतोबा चहाचा कप खाली ठेवून ‘प्रतापसिंग’ असे म्हणतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो शतक काढल्यावर खुद्द प्रतापसिंगांना झाला असेल की नाही, कोण जाणे. हा दोष आमच्या रक्तातच असला पाहिजे.

आता ज्याच्यासाठी हे सारे लिहायला घेतले तो निक कल्किन. 22 ऑगस्ट 1999 रोजी युनायटेडचा सामना लंडनमध्ये आर्सेनलशी होता. कीनने दोन गोल केल्यामुळे युनायटेड 2-1 असे पुढे होते आणि भरपाईचा वेळ चालू असताना गोलरक्षक व्हॅन डर गाव जायबंदी झाला. मग बाकावरच्या कल्किनला उतरवण्यात आले. त्याने एक फ्री किक मारली आणि पंचांनी शिट्टी वाजवून सामना संपवला. मैदानावर तो सुमारे 80 सेकंद होता. युनायटेडकडून तो त्यानंतर पुन्हा कधीही खेळला नाही, त्या आधीही खेळलेला नव्हता. त्याच्यावर एकही फटका आला नाही, त्याच्याकडून एकही चूक झाली नाही. म्हणून त्याची टिंगल करावी असे कोणाच्या हाती काही लागले नाही आणि स्तुती करावी असेही काही लागले नाही.

80 सेकंद म्हणजे किती, हे पाहायचे म्हणून मी एका रविवारी रांगेत उभा असताना मोबाइलवर वेळ लावली. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पसरट कढईतून गाडीवाल्याने पोहे काढले, कागदावर घातले, त्यांवर कांदा टाकला, शेव भुरभुरली, जीरावन या इंदुरी मसाल्याची चिमूट सोडली, लिंबू पिळले आणि कागद पुढे केला. असे त्याने तीनदा केले, चौथ्या कागदावर शेव पडत होती आणि मोबाइल वाजला. चौथ्या गिऱ्हाइकाला जीरावनाची वाट पाहायला लावून कल्किनची सारी कारकीर्द संपली होती. बाजूच्या माणसाने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. (इंदुरी पोह्यांपुढे घरचे कांदेपोहे फिके, असे मी आत्यासमोर म्हणत नाही.)

भेंड्यांमध्ये मात्र निक कल्किनसारखे हत्यार नाही. तो ‘न’ने सुरू होतो, ‘न’ने संपतो, आणि नानीसारखा चारचौघांत वावरत नसल्यामुळे शेवटपर्यंत शिल्लक राहतो. मी त्याला नेहमी दडवून ठेवतो. जिलबीची कढई तापू लागली, दादाने विजयी मुद्रेने एखादा रॉबसन किंवा चार्लटन टाकला, की मी थोडे आठवल्यासारखे करतो, आकाशाकडे पाहतो आणि मग त्याला उतरवतो. दादाकडे तोवर काही उरलेले नसते.

गेल्या रविवारी नानी खर्ची पडला तेव्हाच मी थोडा निर्धास्त झालो होतो. निक पॉवेल गेला, व्हाइटसाइड गेला, आणि जिलबीवाला पहिले वेढे तेलात सोडत असताना मी दादाच्या अंगावर रॉय कीन टाकला. दादाने लिंबाची फोड कागदाच्या कडेला ठेवली, बोटे पुसली आणि शांतपणे म्हणाला, “निक कल्किन.” मी मोबाइल न लावताही सांगू शकतो की त्यानंतर मी 80 सेकंदांहून बराच जास्त वेळ गप्प होतो. मग खिशातून शंभराची नोट काढली आणि पाव किलो जिलबी बांधून द्यायला सांगितली, कारण आत्यासाठीही न्यायची होती.