जेवायचं काय?

“राहायला फुकट देतील हो, पण जेवायचं काय?” खानापूर रोडवर सायकल टेकवून चहा पिणाऱ्या पोराला चहावाल्या मावशींनी आज विचारलं. कॅरियरला दोन पिशव्या, वर गुंडाळलेली मॅट, आणि मुक्काम नेटवरून जुळवलेल्या अनोळखी यजमानाकडं. तो म्हणाला, “मावशी, जेवण मागायचं नसतं.”

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. पोरगं तयारीचं होतं.

असे यजमान शोधायच्या वेबसाइट असतात: सायकलवाल्यांसाठी वॉर्मशॉवर्स, बाकी सगळ्यांसाठी बीवेलकम. (तसल्याच काउचसर्फिंगनं २०२० पासून बऱ्याच देशांत वर्गणी लावली, तेव्हा ते फुकट कसलं!) दोन्हीकडं हमी कसलीच नाही, मिळाली तर अंथरूण पसरण्यापुरती जागा. एकच मजकूर दहा जणांना चिकटवला की कुणी उत्तर देत नाही. यजमानाचं प्रोफाइल वाचून चार ओळी लिहायच्या: किती जण, कुठल्या तारखेला, किती वाजता, किती रात्री. दोन रात्री बास.

वेळेतच जास्त फसतात. निपाणीहून दुपारी निघायचं, वंटमुरीच्या चढाला दम काढायचा आणि बेळगावात अंधार पडल्यावर पोचायचं. तोवर यजमानाचा फोन बंद. म्हणून लॉजपुरते पैसे वेगळे ठेवायचे, त्याला पर्याय नाही.

आणि ठेवून घेणाऱ्यानं? पाहुणा परदेशी असला तर त्याच्या पासपोर्ट-व्हिसाचे तपशील घालून तो आल्यापासून २४ तासांत सरकारकडं नोंदीचा फॉर्म ३ (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा. पैसे घेतले नाहीत म्हणून त्यातून सुटका नाही.

आपल्या भागात असं कुणाला ठेवून घेतलंय काय कुणी? फॉर्म भरला होता?