मानेतली गाठ आणि फळ्यावरचा सुविचार

मी शाळेत मराठी शिकवते आणि आमच्याकडे अजूनही पहिल्या तासाला फळ्याच्या अगदी वरती वार, दिनांक, सुविचार लिहायचा असतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, खडू घेऊन हात वर केला तर तो खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला, पुढे जाईचना. फार दुखलं असंही नाही, नुसता जाईना. मग डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देऊन कसंबसं 'गुरुवार' लिहिलं आणि मागे पोरं खुदुखुदु हसतायत.

झालं असं की ऑगस्टमध्ये मानेच्या उजव्या बाजूची एक गाठ बायोप्सीसाठी काढली होती. तेवढ्याच जागेला भूल देऊन, अर्ध्या तासाचं काम. आठव्या दिवशी टाके निघाले, रिपोर्टमध्ये टीबी निघाला आणि मग सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. 6 महिन्यांचा कोर्स, पहिले 2 महिने चार औषधं मग तीन, लघवी केशरी झाली की घाबरू नका, वजन किती वाढलं वगैरे वगैरे. दर फॉलोअपला जखम बघायचे, छान भरलीय म्हणायचे. मी सांगत होते की खांदा भरून येतो, पर्स खांद्यावर ठरतच नाही, सारखी घसरते. तर म्हणे होतं असं, मग म्हणे फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, शेक द्या. (हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये, कमेंटमध्ये विचारू नका.)

खरं निदान केलं आमच्या टेलरताईंनी! ब्लाऊजचं माप घेताना टेप हातात धरून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा उजवा खांदा खाली आलाय हो, एका मापात नाही बसणार." त्या रात्री आरशात नीट बघितलं आणि पोटात गोळाच आला.

मग मैत्रिणीने एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी आधी दोन्ही खांदे उडवायला लावले, आपण 'मला काय माहीत' म्हणताना उडवतो ना तसे. डावा उडला, उजवा जेमतेम हलला. मग मला झोपवून माझा हात स्वतः उचलला तर तो थेट डोक्यापर्यंत गेला. म्हणाल्या, फ्रोझन शोल्डर असता तर मी उचलूनही गेला नसता, सांधा मोकळा आहे, स्नायूला ऑर्डरच पोचत नाहीये. मानेवरची खूण दाखवा बघू.

तर तिथून जाते ती ॲक्सेसरी नर्व्ह, मेंदूतून निघणाऱ्या नसांमधली अकरावी. खांदा उचलून धरणारा मोठा स्नायू, ट्रॅपेझियस, तिच्यावर चालतो. मानेच्या त्या भागात ती कातडीच्या अगदी जवळून आणि गाठींना चिकटून जाते, त्यामुळे गाठ काढताना तिला इजा होणं ही डॉक्टर लोकांना माहीत असलेली गोष्ट आहे. आणि टाके काढताना "दोन्ही हात बाजूने वर करा" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं! तुमच्या घरात कुणाची मानेची गाठ काढली असेल तर आजच करायला लावा.

घाई एवढ्यासाठी की नस नुसती दबली असेल तर आपोआप सुधारते पण तुटली असेल तर वाट बघून काही होत नाही, आणि जोडायची तर पहिल्या 3 ते 6 महिन्यांत केलेली बरी, उशीर होईल तसा स्नायू सुकत जातो. ईएमजी (स्नायूला नसेचा संदेश पोचतोय का ते बघायची तपासणी) इजेनंतर 3-4 आठवड्यांनी खरं चित्र दाखवतो. माझा झाला तेव्हा चार महिने उलटून गेले होते. पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं, नस तुटलेली होती आणि मधला तुकडा कानाजवळच्या स्पर्शाच्या नसेतून घेऊन जोडला. त्यामुळे उजव्या कानाची पाळी बधिर झालीय, कानातलं घालायला आरसा लागतो. चालतंय.

आता खरा कंटाळवाणा भाग. नस वाढते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. सुरुवातीचे आठवडे हात झोळीत होता, मान फिरवायची नाही. नंतर रोज झोपून हात वर नेणं, भिंतीवरून बोटं चढवणं, बसताना हाताखाली उशी, आणि उजव्या हाताने बादली, गॅसची टाकी, वह्यांचा गठ्ठा काहीही उचलायचं नाही, कारण लोंबकळणाऱ्या हाताचं वजन मानेवर ओढ देतं आणि रात्री ठणका लागतो. दर भेटीला डॉक्टर खुणेपासून खाली बोटाने टिचक्या मारत जातात, जिथे मुंग्या येतात तिथवर नस वाढली असं धरून टेपने मोजून लिहून ठेवतात. पूर्वी दोन बोटांवर मुंग्या यायच्या, आता चार बोटं पुढे येतात आणि मला त्या मुंग्यांचं एवढं कौतुक वाटतं की काय सांगू.

मागच्या आठवड्यात आरशासमोर खांदा उडवताना मानेच्या मुळाशी दोरीसारखं काहीतरी ताणलेलं दिसलं, खांदा हलला नाही पण ते दिसलं. आईला बोलावून दाखवलं, तिला काही दिसलं नाही. पुढचा ईएमजी महिनाभराने आहे. तोवर सुविचार वर्गातली सगळ्यात उंच पोरगी लिहिते, आणि 'परिश्रम' मधला 'रि' रोज दीर्घ काढते.