एक दिवस, एकच जागा : आमची वाटचाल

पहाटे सहाला कोल्हापुरातून निघायचं आणि दिवेलागणीच्या सुमाराला ज्याला त्याला घराच्या दारात सोडायचं. एवढ्या वेळात बसेल तेवढंच आम्ही करतो. मुक्काम नाही, तंबू नाही, हॉटेलचं बुकिंग नाही. पन्हाळा २० किलोमीटरवर, जोतिबा त्याच्या शेजारी, गगनबावडा ५५ वर, राधानगरीही साधारण तेवढ्याच अंतरावर आणि दाजीपूर त्याच्या पुढं. या टापूत गड आहेत, सडे म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं आहेत, तलाव, लेणी, गव्यांचं जंगल, सगळं आहे. तरी कोल्हापूरचा माणूस सुट्टी लागली की गोव्याचा रस्ता धरतो. त्याला त्याच्याच जिल्ह्यात दिवसभर पायी फिरवायचं, हा आमचा धंदा.

सुरुवात आबांच्या वडापच्या, म्हणजे वाटेवरची माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीनं झाली. आबा म्हणजे माझे वडील. रंकाळा स्टँडजवळ गाडी भरायची आणि कळे, साळवण करत गगनबावड्यापर्यंत जायची. बाजाराची गाठोडी, दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, माहेरवाशिणी, सगळं त्याच गाडीत. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक वाडीत आबांना हाक मारणारं कुणी ना कुणी होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाचा दवाखाना, कुणाची वरात आबांनीच ओढलेली. पुढं आमच्या हाती जे काही भांडवल होतं ते हेच. बँकेचं कर्ज नंतर आलं.

रविवारी वडापला माणसं कमी. मग गल्लीतली मंडळी म्हणायची, "आबा, गाडी मोकळीच आहे न्हवं? पोरास्नी जरा पन्हाळा दाखवून आणा की." मी तेव्हा कॉमर्सला होतो, गाडीबरोबर जायचो. हळूहळू रविवारचं उत्पन्न आठवड्याच्या वडापला गाठू लागलं आणि शिक्षण संपल्यावर मी हेच करायचं ठरवलं. पहिली काही वर्षं सगळे करायचे तेच आम्ही केलं. सकाळी जोतिबा, मग पन्हाळा, दुपारी कणेरी मठ, तिथून नरसोबाची वाडी आणि परतताना रंकाळ्यावर भेळ. गिऱ्हाईक खूश असायचं, कारण पाच ठिकाणं झालेली असायची.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं ते निवृत्त शिक्षक जोडप्यानं. सर आणि बाई दोघंही सत्तरीच्या आसपास. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर न्या, दिवसभर तिथंच थांबू, दुसरीकडं कुठंही नेऊ नका. सप्टेंबर संपत आला होता. पठारावर पोचलो आणि बाई गाडीतून उतरून पन्नास पावलांवर खाली बसल्या. पर्समधून भिंग काढलं. तासभर त्या तिथून हलल्या नाहीत.

मसाई पठार उभ्यानं पाहिलं तर नुसता रंग दिसतो, पिवळा, निळा, पांढरा. खाली बसलं की कारभार कळतो. सगळा जांभ्याचा सडा, वर माती बोटभर. मोठं झाड तिथं मूळ धरू शकत नाही, म्हणून ती जागा बारक्या फुलांना मिळते. जांभ्याच्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं, त्याच्या काठानं सीतेची आसवं उगवतात. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. पण मातीखाली त्याच्या मुळांच्या जागी बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यात ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं. या मातीत पोषण नाही, म्हणून वनस्पतीनं ही सोय केलेली. शेजारीच गेंदाची पांढरी बोंडं. उतारावर सोनकी. बाई एकेक दाखवत होत्या आणि सर वहीत लिहून घेत होते. दुपारी मसाई देवीच्या देवळापाशी डबे उघडले, मग पांडवदऱ्याची लेणी बघितली, आणि संध्याकाळी परतताना बाई मला म्हणाल्या, "बाळ, पुढच्या महिन्यात परत आण. फुलं बदललेली असतील." बदललेली होती.

तेव्हापासून आमचा नियम एकच : एक दिवस, एकच जागा. बुकिंग घटलं. "एवढ्या पैशात फक्त मसाई?" असं विचारणारे आजही असतात. त्यांना मी हात जोडून दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर देतो, कारण धावपळीची सहल करणारे चांगले लोक आमच्या गावात पुष्कळ आहेत.

दुसरा बदल वाटाड्यांचा. पठारावर धुकं उतरलं की दहा हातांवरचं दिसत नाही. मसाई म्हणजे एकच सपाट माळ नव्हे, एकामागोमाग एक सडे आहेत आणि कडेला सरळ कडा. अशा वेळी मोबाईलच्या नकाशावर भरवसा ठेवून चालणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याची भीती वाटते. म्हणून आम्ही म्हाळुंग्याच्या बाजूचे एक मामा बरोबर घेऊ लागलो. जनावरं राखण्यात त्यांचा जन्म गेला. वारा कुठल्या कानाला लागतो यावरून ते दिशा सांगतात. दाट धुकं आलं की ते सगळ्यांना खाली बसवतात, तंबाखू मळतात आणि म्हणतात, "पाव्हणं, घाई करू नगा, ते आपसूक जातंय." अर्ध्या तासात धुकं जातं. त्या अर्ध्या तासात ते जे बोलतात ते ऐकायला लोक दुसऱ्यांदा येतात. आज आमच्याकडं मसाई, गगनबावडा, आंबा घाट आणि दाजीपूर या चारही बाजूंना असे स्थानिक वाटाडे आहेत आणि त्यांचा मेहनताना आम्ही गाडीच्या भाड्याआधी बाजूला काढतो.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज १६६० च्या जुलैत निसटले, ती ही वाट. सगळी वाट एका दिवसाची नाही, आणि ती नीट तयारीनं करणाऱ्या मंडळांचा तो मान आहे. आम्ही फक्त पहिला टप्पा करतो. राजदिंडीच्या वाटेनं गडाखाली उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाईवर चढायचं आणि थांबायचं. भर पावसात, चिखलात, ओल्या बुटांनी एवढं चाललेल्या शाळकरी पोराला मी विचारतो की आता हेच रात्री, पालखी खांद्यावर घेऊन, मागं शत्रू असताना कर. पोरं गप्प होतात. इतिहासाचा धडा मला यापेक्षा चांगला शिकवता येत नाही.

पावसाळ्यात आमचा दिवस पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीनं सुरू होतो. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळ्याकडचा रस्ता गेला. मांडुकलीला पाणी आलं की गगनबावडा बंद. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात. तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि मग पंचगंगेवर लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळं आम्ही धोका पातळीची वाट बघत नाही, पाणी वेगानं चढतंय असं दिसलं की सहल रद्द आणि पैसे परत. यात नुकसान होतं, पण पाण्याशी खेळ नाही. बर्कीच्या धबधब्यावरही आमचा माणूस अलीकडच्या काठावर उभा असतो आणि डोंगरात काळं दिसायला लागलं की शिट्टी वाजते. शिट्टी वाजल्यावर फोटोसाठी एक मिनिटही मिळत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या दोन्ही गाड्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीकडं हलवण्यात होत्या. ते काम करताना फिरायला नेण्याचा धंदा किती चैनीचा आहे असं मनात येऊन गेलं. मग २०२०. गाड्या दारात उभ्या, हप्ते चालू. आबांनी ठेव मोडली. पुन्हा मोकळीक मिळाली तेव्हा लोकांना बंद गाडीत बसायचं नव्हतं आणि घरातही बसवत नव्हतं. त्यातून आमच्या शहरातल्या फेऱ्या सुरू झाल्या. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पहाटे मोर बघायचे, राजाराम तलावाच्या काठानं चालायचं. कधी टाऊन हॉलच्या बागेत जुन्या झाडांची ओळख, कधी कळंब्याला पाणपक्षी. गाडी नाही, डिझेल नाही, त्यामुळं पैसेही थोडेच. पण राजारामपुरीतल्या, शाहूपुरीतल्या आज्या पहिल्यांदा आमच्याकडं आल्या त्या याच फेऱ्यांना, आणि आता त्यांचा एक गट दर महिन्याला असतो. टाऊन हॉलच्या बागेत एकेका झाडाखाली त्या थांबतात आणि पानं, साल, फळं औषधाला कशी लागतात ते एकमेकींना सांगतात. आम्ही शिकवायला गेलो होतो, आता टिपून घेतो.

२०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरच्या छोट्या विक्रेत्यांचे फार हाल झाले. त्या काळात आम्ही जोतिबाच्या डोंगरालगतची पोहाळ्याची लेणी धरली. कोल्हापूरपासून इतक्या जवळ प्राचीन कोरीव विहार आहे हे अनेक कोल्हापूरकरांना तिथं उभं राहिल्यावर कळतं.

दाजीपूरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त चौकशी त्याचीच असते. १९५८ साली ते गव्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं हे पहिलं. आज राधानगरी अभयारण्य साधारण ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे. मुळात हे संस्थानाचं शिकारीचं रान, म्हणून झाड टिकलं. पावसाळ्यात आतला भाग बंद असतो, उघडल्यावर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक गाईड घेऊनच आत जायचं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "गवा दिसंल का?" मी कधीच हमी देत नाही. पण दिसला तर तो गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा, अंगानं काळाकभिन्न, आणि आपल्याकडं बघत स्तब्ध उभा. तेव्हा गाडीतल्या कुणीही आवाज केलेला मला चालत नाही. नाहीच दिसला तरी खुरांचे ठसे असतात, शेण असतं, शेकरूचं घरटं असतं. शेकरू वेगवेगळ्या झाडांवर अनेक घरटी बांधतं, त्यामुळं घरटं दिसलं म्हणजे ते आतच असेल असं नाही. उंच फांद्यांकडं मान वर करून थांबावं लागतं. ज्यांना थांबता येतं त्यांना दाजीपूर भरभरून देतं.

जेवण आम्ही कधीच हॉटेलात ठेवलं नाही. प्रत्येक वाटेवर एक घर ठरलेलं आहे. गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीत आबांच्या वडापमधून शाळेला जाणारी मुलगी आता संसार सांभाळते, आमचं तिकडचं जेवण तिच्याकडं. नाचणीची भाकरी, झुणका, मिरचीचा खर्डा, घट्ट दही, पावसाळ्यात एखादी रानभाजी. भाकरी चुलीवरून थेट ताटात येते, म्हणून एका वेळी चौघांनाच बसवते आणि बाकीचे अंगणात थांबतात. किती माणसं येणार ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं आणि ऐनवेळी माणसं कमी झाली तरी ठरलेले पैसे द्यायचे, हे आम्ही पाळतो. कोल्हापूरकरांना मटणाशिवाय सहल वाटत नाही हे मला माहीत आहे. तांबडा-पांढरा संध्याकाळी घरी जाऊन ओरपावा, दुपारी डोंगरात हलकंच खावं. दारू चालत नाही. एका मोठ्या ग्रुपला मसाईवर स्पीकर लावून पार्टी करायची होती, आगाऊ रक्कमही देत होते. आम्ही नाही म्हणालो. मामांची जनावरं त्या माळावर चरतात.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यात पन्हाळाही आहे. ऊर भरून आला. गर्दीही वाढली. म्हणून पन्हाळ्याच्या आमच्या फेऱ्या आता आठवड्याच्या मधल्या वारी असतात. अंधारबावीच्या पायऱ्या सावकाश उतरायच्या, वेढा पडला तर पाणी सुरक्षित राहावं म्हणून विहिरीवर इमारत कशी बांधली ते बघायचं. अंबारखान्यात धान्याची कोठारं आतून बघायची, पराशर लेण्यापाशी बसायचं आणि पुसाटी बुरुजावरून मसाईकडं नजर टाकायची. एवढ्यात दिवस जातो.

आबा आता गाडी चालवत नाहीत. बुकिंग माझी वहिनी बघते, गाड्या मी आणि मामांचा पुतण्या. तो बी.एस्सी. झाला आहे, फुलांची शास्त्रीय नावं त्याला येतात आणि गावातली नावं त्यानं मामांकडून घेतली आहेत. दिवाळीनंतर पोहाळे लेणी ते जोतिबा ही पायवाट सुरू करायचा बेत त्याचाच. तो आणि मामा सध्या दर सोमवारी ती वाट चालून बघतायत, पाणी कुठं मिळतं आणि वयस्कर माणसाला बसायला सावली कुठं आहे ते नोंदवतायत.

यायचं असेल तर भिजले तरी चालतील असे बूट घाला, पावसाळ्यात मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा आणि खिशात मिठाची पुडी ठेवा. जळू लागली तर ओढू नका, मीठ टाकलं की सुटते. थोडा वेळ रक्त वाहतं, घाबरण्यासारखं नसतं. पाण्याची बाटली घरची आणा, कचऱ्याची पिशवी आम्ही देतो, ती भरून परत घ्यायची. आणि त्या दिवशी संध्याकाळी दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका.