कान वाचला, बोट कापलं

गेल्या महिन्यात दाढी करताना डाव्या कानाच्या पाळीखाली असा काही कट लागला की तुरटी घासून घासून हात दुखला तरी रक्त थांबेना, शेवटी पेपर नॅपकिनचा तुकडा चिकटवून तसाच ऑफिसला गेलो. दोघांनी विचारलं मांजर पाळलीयेस का.

तर त्या दिवशी संध्याकाळी रेझरचं डोकं पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. माझा साधा तीन तुकड्यांचा, वर टोपी, खाली प्लेट, मग दांडा, आणि मधे दोन्ही बाजूंना धार असलेलं पातळ ब्लेड चेपलेलं. टोपी ब्लेडपेक्षा आखूड, त्यामुळे दोन्ही बाजूंना ब्लेडची टोकं बाहेर डोकावतात. म्हटलं सापडला चोर! हीच टोकं कानाला लागणार नाहीतर काय. लगेच ऑनलाइन दुसरा मागवला, ज्याची टोपी टोकांपर्यंत लांब असते आणि ब्लेडची टोकं पूर्ण झाकली जातात.

तो यायला चार दिवस लागले, आणि तेवढ्यात रिकामपणी पट्टी घेऊन ब्लेड मोजत बसलो (हो, बसलो). एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 43 मिलिमीटर, पण धार लावलेली कड साधारण 37 चीच. म्हणजे दोन्हीकडची तीन-तीन मिलिमीटरची जी जीभ बाहेर दिसते तिला धारच नसते! ब्लेडला धार फक्त दोन लांब बाजूंना. मग कापलं कशाने? तर जिथे धार संपते त्या कोपऱ्याने. तो कोपरा जिभेला अगदी चिकटून असतो म्हणून नाव जिभेचं होतं. आणि माझा कोपरा जरा जास्तच बाहेर होता कारण ब्लेड तिरकं बसलं होतं. ब्लेडची भोकं ज्या खुंट्यांवर बसतात तिथे थोडी ढिलाई असतेच, नाहीतर ब्लेड बसणारच नाही, आणि दांडा आवळताना ते त्या ढिलाईएवढं फिरतं. मग एका बाजूला धार जास्त बाहेर, एका बाजूला कमी. 0.1 मिलिमीटर जाडीचा पत्रा तो, त्यात केसाएवढा फरक पडला तरी गालाला कळतो.

ही कोपऱ्याची भानगड जुनीच आहे म्हणे. असं बदलायचं ब्लेड असलेला रेझर काढणाऱ्या किंग जिलेटच्या कंपनीने विक्री चालू केली 1903 मध्ये, पहिल्या वर्षी फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली, मग पुढे जे झालं ते माहितीच आहे. पण सुरुवातीच्या ब्लेडांना आजच्यासारखे कापलेले कोपरे नव्हते. लोकांच्या हातून रेझर पडायचा (ओला, साबणाचा, पडणारच), टोपीचा कोपरा वाकायचा, तो वाकलेला कोपरा ब्लेडला दाबायचा आणि मग दाढी करताना केस ओढले जायचे. 1930 मध्ये नवीन रेझर आणि नवीन ब्लेड आणलं तेव्हा टोपीचे कोपरे मजबूत केले आणि ब्लेडचे कोपरे कापून टाकले. आपण जी जीभ म्हणतोय ती त्या कापाकापीतूनच उरलेली. रेझर पाडायची सवय मलाही आहे म्हणून मला हे लगेच पटलं.

असो. झाकलेला रेझर आला. कानाजवळ एकदम मस्त, मनात भीती नाही. पण डोकं लांब, 43 मिलिमीटर पोटात घ्यायचे म्हणजे लांब होणारच, त्यामुळे नाकाखाली वळवताना आडवा येतो, मिशीची कड नीट निघत नाही. तरी म्हटलं चालेल. सहाव्या दाढीनंतर ब्लेड बदलायला गेलो. साबणाने ब्लेड टोपीला असं चिकटलेलं की हलेना, आणि धरायचं कुठे? दोन टोकं टोपीच्या आत, बाहेर आहेत त्या फक्त दोन धारा. ओल्या हाताने कडेने उचकटायला गेलो आणि अंगठ्याला मस्तपैकी लांब चीर. कानाला कधी एवढं लागलं नव्हतं.

तेव्हा ट्यूब पेटली. बाहेर आलेली जीभ म्हणजे खरंतर मूठ आहे. तिला धरून ब्लेड काढता येतं, आणि त्याहून महत्त्वाचं, तिला धरून सरळ बसवता येतं. आता मी दांडा पूर्ण आवळायच्या आधी दोन्ही जिभा चिमटीत धरतो, मगच शेवटचा फेरा देतो, आणि उजेडात वरून बघतो की टोपीच्या दोन्ही बाजूंना चकाकणारी रेघ सारखी दिसतेय का. नसेल तर परत ढिला करायचा. झाकलेल्या डोक्यात हे जमत नाही, तिथे खुंट्या चांगल्या घट्ट बनवलेल्या असतील तरच ब्लेड सरळ बसतं, म्हणजे सगळा भरवसा बनवणाऱ्यावर. माझ्या त्या नवीन रेझरच्या बनवणाऱ्याने तेवढे कष्ट घेतले नव्हते, जाऊदे.

बाबांकडे अजून जुना बटरफ्लाय आहे, दांड्याचा खालचा नॉब फिरवला की वरच्या दोन झडपा उघडतात. त्यात टोकंही आत आणि बोटांना धोकाही कमी, कारण ब्लेड मोकळंच असतं, उलटा केला की आपोआप घरंगळतं. ते खाली एक टिनचा डबा ठेवतात आणि टकटक करतात. पण त्यातही साबण अडकून झडपा कुरकुरतातच, महिन्यातून एकदा गरम पाण्यात बुडवावा लागतो.

कानापाशी मी आता सलूनवाल्यासारखं करतो. तो पाळी बोटाने पुढे दुमडून धरतो आणि मग वस्तरा खाली नेतो, तसंच. कल्ल्याच्या खाली रेझर सरळ उभा, आडवा नाही, म्हणजे कोपरा पाळीच्या दिशेने जातच नाही. झाकलेला रेझर तसाच पडलाय कपाटात, कुणाला हवा असेल तर सांगा, पण ब्लेड मी काढून देणार नाही.