तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही तीच डोण का?

आमच्या बेसमेंटचा जिना उतरून जो येतो, तो त्या काळ्या टाकीपाशी थांबतो. वर दिवाणखान्यात काचेच्या टँकमध्ये एवढा सुंदर समुद्र मांडलाय आणि खाली ही गुरांची टाकी कशाला, असं विचारतो. गणपतीला येणाऱ्या बायका तिला गव्हाण म्हणतात. गव्हाण चाऱ्याची असते. पाणी पाजायची ती डोण. माझ्या माहेरी, तासगाव तालुक्यात, विहिरीच्या काठाला दगडी डोण होती आणि काथ्याने तिचं शेवाळ घासायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून ओहायोत, कोलंबसजवळच्या शेतीच्या दुकानातून आणलेल्या या प्लास्टिकच्या टाकीलाही मी डोणच म्हणते.

ज्यांच्या घरी स्वतःचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. ते विचारतात, "2018 मध्ये एवढं सगळं होऊनही तुम्ही तीच वापरता?" हा प्रश्न मला फोनवर विचारला गेलाय, मंडळाच्या पंगतीत विचारला गेलाय, एकदा तर दुसऱ्यांच्या घरच्या हळदीच्या कार्यक्रमात. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, आणि दर वेळी ऐकणाऱ्याने त्यातून दोष काढला तो एकतर डोणीचा, नाहीतर तेव्हा टँक सांभाळणाऱ्या मुलाचा. मला दोन्ही सहन होत नाही. म्हणून एकदा सगळं सांगते.

ज्यांना या छंदातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यापुरतं: वरच्या टँकचं पाणी पाइपातून खाली एका टाकीत येतं, तिथे गाळलं आणि तापवलं जातं, आणि पंपाने परत वर चढतं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. आधी माझाही संप काचेचाच होता, 20 गॅलनचा. 2015 च्या हिवाळ्यात रात्री वीज गेली. पंप थांबला की वरच्या टँकमधलं ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी जिथून खाली सुटतं त्या तोंडाच्या, कडेच्या वरचं पाणी आणि पाइपातलं पाणी सगळं खाली उतरतं. माझ्या टँकचं ते साधारण 60 लिटर होतं. काचेच्या संपात वर 10 सेंटिमीटर जागा मोकळी होती, म्हणजे जेमतेम 23 लिटरची. उरलेलं खारं पाणी फरशीभर पसरलं. हे गणित मी आधी केलं असतं तर दोन मिनिटांचं होतं. केलं नव्हतं.

नंतर केलं. डोण साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फुटांहून थोडी जास्त खोल आहे. भरली तर 100 गॅलन, म्हणजे सुमारे 380 लिटर. तिचं तोंड जवळपास एक चौरस मीटरचं. तेच 60 लिटर पाणी उतरलं तरी तिच्यात पातळी सहा सेंटिमीटरच चढते. वीज दहादा जाऊ दे, थेंबसुद्धा बाहेर येणार नाही. मी घेतली तेव्हा किंमत होती साधारण शंभर डॉलर. याच आकाराच्या काचेच्या संपाला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात.

प्लास्टिकमधून पाण्यात काही उतरत नाही का? हाही प्रश्न ठरलेला. ही डोण पॉलिथिलीनची आहे, आणि आपण सगळे ज्या बादल्यांमधून समुद्री मीठ विकत आणतो त्याही त्याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात. घातक असते ती दुकानात तिच्याच शेजारी ठेवलेली चकचकीत पत्र्याची डोण. त्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, खाऱ्या पाण्यात जस्त सुटतं, आणि गोगलगायी, झिंगे, कोरल म्हणजे प्रवाळ, यांच्यासाठी ते विषच. म्हशीला ती चालते, आपल्याला चालत नाही.

आता तिचे दोष, कारण ते मी त्या काळात लोकांना सांगत नव्हते. पॉलिथिलीनला सिलिकोन धरत नाही. त्यामुळे काचेच्या संपात असतात तसे पडदे आत चिकटवता येत नाहीत, कप्पे पाडता येत नाहीत. स्किमरला, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राला, पाण्याची खोली कायम एकसारखी लागते, म्हणून मला तो डोणीच्या आत वेगळ्या टबमध्ये ठेवावा लागला. भिंती तिरप्या असतात, त्यामुळे वाटेल तिथे भोक पाडून बल्कहेड, म्हणजे भिंतीतून पाइप काढायचं फिटिंग, बसवता येत नाही; त्याच्या वायसरला सपाट जागा हवी. आणि एवढं मोठं उघडं तोंड म्हणजे पाणी वाफ होऊन उडणार. काचेच्या संपाच्या वेळी माझं दिवसाला सात-आठ लिटर पाणी उडायचं, डोण आल्यावर ते बारावर गेलं. हिवाळ्यात बेसमेंटच्या खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ यायचे.

हे बारा लिटर लक्षात ठेवा.

पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याची. आधी मी एका 20 लिटरच्या डब्यातून ती घालायचे; पातळी उतरली की छोटा पंप त्या डब्यातलं पाणी ओढायचा. बारा लिटर उडायला लागल्यावर डबा दिवसाआड भरावा लागायला लागला. मी कंटाळले. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची नळी थेट डोणीत सोडली आणि तिच्या तोंडाला फ्लोट व्हॉल्व लावला, पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा. थेट नळी जोडू नये, भर घालायचं पाणी नेहमी मोजक्या डब्यातूनच द्यावं, हे या छंदात पहिल्या महिन्यात कानावर येतं. माझ्याही आलं होतं. पण मी म्हणाले, डोण एवढी मोठी आहे, काही झालंच तर सामावून घेईल. हे मी नुसतं मनात म्हटलं नाही. दोन घरी जाऊन मोठ्या आवाजात सांगितलं, आणि त्यातल्या एका घरी त्यांनी माझं ऐकून तशी नळी जोडलीसुद्धा.

डोणीच्या बुडाशी पाणी सोडायला कारखान्यातूनच एक भोक असतं, त्याला बूच. तिथली जागा सपाट असते. मी बूच काढून बल्कहेड आणि व्हॉल्व बसवला, पाणी बदलायला सोपं जावं म्हणून. व्हॉल्व कडक होता. दर वेळी फिरवताना फिटिंगला हिसका बसायचा. एकदा ओल दिसली तेव्हा मी बाहेरून सिलिकोन लावलं. सिलिकोन धरत नाही हे माहीत असून लावलं. आणि डोण मुद्दाम फरशीतल्या ड्रेनच्या अगदी जवळ सरकवली होती, पुन्हा कधी पाणी सांडलंच तर पसरू नये म्हणून.

2018 च्या जुलैमध्ये आप्पांना, माझ्या वडिलांना, मिरजेला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला. मी तिसऱ्या दिवशी निघाले. निघण्याआधी मोठं पाणी बदललं, तो व्हॉल्व उघडून आणि बंद करून.

टँकची जबाबदारी घेतली मंडळातल्या एका मुलाने. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला, मला मावशी म्हणायचा. त्याला मी दोन पानं लिहून दिली होती. खायला किती घालायचं, स्किमरचा कप कधी धुवायचा, तापमान किती असायला हवं. डोणीच्या आत मी काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या रंगाने रेघ मारली होती, त्याखाली लिहिलं होतं: पाणी या रेघेवर आहे ना, ते बघ. तो दिवसाआड संध्याकाळी यायचा आणि रेघेचा फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोत पाणी रेघेवर होतं.

ते असणारच होतं. बल्कहेडपासून मिनिटाला तीन चमचे पाणी गळत होतं, डोणीच्या मागून ड्रेनमध्ये जात होतं, आणि फ्लोट व्हॉल्व तेवढंच गोडं पाणी आत घेत होता. दिवसाला 20 लिटर खारं बाहेर, 20 लिटर गोडं आत. नळी जोडलेली नसती तर नुसत्या गळतीनेच आठवड्यात पातळी चौदा सेंटिमीटर उतरली असती आणि पहिल्या पंधरवड्यात पंप कोरडा पडून ओरडला असता.

आठव्या दिवशी त्याचा मेसेज आला: "मावशी, फुलं मिटलीत." कोरलना तो फुलंच म्हणायचा.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर होते. पहाटेचे साडेचार वाजले होते. सगळीकडे अंधार, आत आप्पांना नुकती झोप लागलेली. मी उत्तर पाठवलं, "रात्री मिटतातच रे, काळजी करू नकोस." माझ्याकडे रात्र होती. त्याच्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते, टँकचे दिवे दहापर्यंत चालू असतात, आणि त्या वेळी माझा हॅमर जातीचा कोरल हाताच्या पंजाएवढा फुललेला असतो. हे साडेनऊ तासांचं गणित मी रोज घरी फोन करताना बोटांवर करत होते. त्या वेळी केलं नाही.

नंतर मी आकडेमोड केली. आठव्या दिवशी क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ, हजारी 35 वरून 27 च्या आसपास आली असेल. त्या दिवशी कोणी क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला असता, तर बहुतेक सगळं वाचलं असतं. रिफ्रॅक्टोमीटर डोणीपासून चार पावलांवर, खणात होता. माझ्या दोन पानांमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता. तीन आठवड्यांची तर गोष्ट, मुलाला कशाला त्रास, असा मी विचार केला होता.

त्याने पुन्हा विचारलं नाही. मावशीने सांगितलंय काळजी करू नकोस, मग तो कशाला करेल?

आप्पा बरे होऊन घरी आले आणि मी एकविसाव्या दिवशी परतले. दार उघडल्याबरोबर वास आला. खाली डोणीपासून ड्रेनपर्यंत मिठाची पांढरी पपडी जमली होती, बोटभर रुंद. ती फक्त डोणीच्या मागे वाकून पाहिलं तरच दिसत होती. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला, पाण्याची विशिष्ट घनता दिसली: 1.013. असायला हवं 1.025 किंवा 1.026. हॅमर, टॉर्च, लेदर, सगळे कोरल गेले होते. 2011 मध्ये दोन तोंडांचा तुकडा म्हणून आणलेल्या हॅमरचा फक्त सांगाडा उरला होता. झिंगे नव्हतेच. गोगलगायींचे शंख वाळूवर उलटे पडलेले.

मासे जिवंत होते. दोन क्लाउनफिश आणि पिवळा टँग, तिघेही काचेपाशी येऊन खायला मागत होते. माशांना कमी क्षारता चालते. इच या माशांच्या परजीवी रोगावर उपचार म्हणून माशांना मुद्दाम 1.009 वर ठेवतात. म्हणून तो मुलगा दर फोटोखाली खरं तेच लिहीत होता: मासे छान आहेत, मावशी.

त्याला मी म्हणाले, तुझी चूक नाही. तो म्हणाला, "मी रेघ बघत होतो." त्यानंतर तो आमच्याकडे गणपतीला येतो, आरतीला थांबतो, बेसमेंटमध्ये उतरत नाही. त्याने चूक केली असं मंडळात कोणी बोललं की मला राग येतो. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याने केली.

मग डोणीचा दोष? यावर मी स्वतःशीच अजून भांडते. एक मन म्हणतं, गळलं ते फिटिंग, आणि ते मी बसवलं होतं. काचेच्या संपालाही थेट नळी जोडली असती तर हेच झालं असतं. दुसरं मन म्हणतं, काचेच्या संपाला तू नळी जोडलीच नसतीस. पाणी जास्त उडायला लागलं ते डोणीच्या उघड्या तोंडामुळे, आणि "सामावून घेईल" हा धीर आला तो तिच्या आकारामुळे. 2015 मधल्या मला हे सांगितलं असतं तर तिने 60 लिटर आणि सहा सेंटिमीटरचं गणित माझ्या तोंडावर मारलं असतं. ते गणित आजही बरोबर आहे. त्यानंतर वीज कितीदा गेली, फरशी कोरडीच राहिली.

म्हणून डोण आहे. व्हॉल्व काढला, बूच परत बसवलं, पाण्याच्या पातळीखाली आता माझ्या हातचं एकही फिटिंग नाही. सगळे पाइप काठावरून येतात-जातात. तोंडावर पॉलिकार्बोनेटची झाकणं आहेत, पाणी आठ-नऊ लिटरच उडतं. 20 लिटरचा डबा परत आलाय, आणि तो मी हाताने भरते. तो ठरल्यापेक्षा आधी रिकामा झाला तर मला कळतं. माझं ऐकून नळी जोडणाऱ्या त्या घरी मी परत जाऊन ती माझ्या हाताने काढली. त्यांना ते आवडलं नाही.

पुण्या-मुंबईहून फोन करणाऱ्यांनी माशांपुरतंच विचारावं. भारतात दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यात मी कोणाला मदत करणार नाही.

आणि इथल्या ज्यांनी गेल्या आठवड्यात विचारलंत की आम्ही डोण घ्यावी का: तुमच्या बेसमेंटमध्ये फरशीतला ड्रेन टँकच्या जागेपासून किती फुटांवर आहे ते मोजा, आणि डोणीच्या मागे वाकून बघायला माणूस मावतो का ते सांगा. मग बोलू.