घरचा लादी पाव दगड का होतो

घरी केलेला पाव बिघडला की खापर फुटतं यीस्टवर. मुदत संपलेलं यीस्ट हे कारण असूही शकतं, पण मग पीठ फुगतच नाही आणि घोळ लगेच लक्षात येतो. पीठ व्यवस्थित फुगलं, ओव्हनमध्ये गेलं आणि तरीही पाव जड निघाला, दुसऱ्या दिवशी तर टोस्टसारखा कडक झाला, तर आधी पाण्याकडे बघायचं. एकतर ते कमी पडलंय किंवा चुकीच्या तापमानाचं वापरलंय. पोळ्यांच्या कणकेची सवय असलेल्या हाताला पावाचं पीठ फार सैल वाटतं. मग त्यावर मूठ-मूठ कोरडा मैदा पडत जातो, आणि पाव बिघडतो तो तिथेच.

म्हणून आधी वजनकाटा. कपात मैदा हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅम बसतो, दाबून भरला तर 150. चार कपांमागे हा फरक 120 ग्रॅमचा होतो. तेवढ्याने मऊ पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट होतं. बेकरीवाले मैदा शंभर धरून बाकी सगळं टक्क्यांत मोजतात. घरीही तीच सवय लावलेली बरी, टिन बदललं तरी हिशोब बिघडत नाही.

9 इंची चौकोनी टिनचं प्रमाण असं: मैदा 400 ग्रॅम, पाणी 250 ग्रॅम, साखर 20, दूध पावडर 15, मऊ लोणी 25, मीठ 7 आणि इन्स्टंट यीस्ट 5. सगळं मिळून साधारण 720 ग्रॅम पीठ होतं. त्यातून 45 ग्रॅमचे 16 गोळे निघतात, ते मिसळीला किंवा भाजीला. वडापावासाठी 80 ग्रॅमचे 9 करावेत, नाहीतर वडा पावाबाहेर लोंबतो. लहान मापं काट्यावर नीट येत नसतील तर एक सपाट छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम आणि तोच चमचा बारीक मीठ म्हणजे 6 ग्रॅम धरा. मीठ विसरू नका. बिनमिठाचं पीठ भसाभस फुगतं, हाताला चिकटत राहतं आणि पाव फिका, मिळमिळीत होतो.

मैद्याच्या पाकिटामागे 100 ग्रॅममधली प्रथिनं छापलेली असतात, तो आकडा वाचा. 10 ते 11 असेल तर उत्तम. 9 च्या खाली असेल तर तो मैदा केकला ठेवा आणि त्याचा पाव करायचाच असेल तर पाणी 10-15 ग्रॅम कमी घ्या. यीस्ट तीन प्रकारचं मिळतं. इन्स्टंट थेट मैद्यात मिसळायचं. जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय असेल तर 6 ग्रॅम घेऊन, प्रमाणातल्याच थोड्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं, फेस आला की वापरायचं. बेकरीतून ताजं यीस्ट आणलं तर 15 ग्रॅम. इन्स्टंटचं पाकीट फोडलं की उरलेलं हवाबंद बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. ओट्यावर उघडं राहिलेलं यीस्ट आपल्या दमट हवेत लवकर मरगळतं.

आता पाण्याचं तापमान. ‘यीस्ट कोमट पाण्यात घाला’ हा सल्ला थंड मुलखातून आलाय आणि आपण तो मे महिन्यातही पाळतो. मळून झालेलं पीठ 26-27 अंशांवर असायला हवं. त्यासाठी बेकरीतलं जुनं गणित सोपं आहे: 27 ला तीनाने गुणा, येतात 81. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळताना येणाऱ्या उष्णतेचे 2 अंश वजा करा. मे महिन्यात खोली 33, मैदाही 33, म्हणजे पाणी हवं 13 अंशांचं, चक्क फ्रीजमधलं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोली आणि मैदा 20-20 वर असतील तर पाणी 39 अंशांचं, म्हणजे अंगाला कोमट लागेल असं. उन्हाळ्यात कोमट पाण्याने मळलेलं पीठ अर्ध्या तासात दुप्पट होतं खरं, पण त्याला चव येत नाही, आंबूस वास मात्र येतो, आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्याचा दम संपलेला असतो. उन्हाळ्यात यीस्टही 4 ग्रॅमवर आणावं. उलट बाजूने, पाणी 55-60 अंशांपर्यंत गरम असेल तर यीस्ट मरतंच.

मैदा, साखर, दूध पावडर आणि यीस्ट एकत्र करून पाणी घाला आणि चमच्याने नुसतं कालवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की झाकून 20 मिनिटं सोडून द्या. या वेळात मैदा पाणी पितो आणि निम्मं मळणं आपोआप होतं. नंतर मीठ घालून मळायला घ्या. पहिली चार-पाच मिनिटं पीठ बोटांना, ओट्याला, सगळ्याला चिकटेल. इथे मैद्याच्या डब्याला हात लावायचा नाही. पीठ उचलून ओट्यावर आपटा, आपल्याकडे ओढा, दुमडा, पुन्हा आपटा. ओटा खरवडायला हाताशी एक उलथनं ठेवा. सात-आठ मिनिटांनी चिकटपणा कमी होऊन पीठ एकसंध उचललं जातं. मग लोणी तीन वेळा विभागून घाला. लोणी सुरुवातीलाच घातलं तर स्निग्धांश मैद्यातल्या प्रथिनांवर बसतो आणि ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांचे, धागे जुळायला वेळ लागतो. लोणी घातल्यावर पीठ पुन्हा विस्कटल्यासारखं, ओशट दिसतं. बिघडलं असं समजू नका, मळत राहा, दोन-तीन मिनिटांत सगळं आत जिरतं.

झालं कधी म्हणायचं? लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पातळ पडदा होऊन त्यातून उजेड दिसला आणि फाटताना भोकाची कड गुळगुळीत राहिली तर झालं. पडदा होण्याआधीच तुटत असेल आणि कड दातेरी असेल तर आणखी मळायला हवं. हाताने एकूण 12 ते 15 मिनिटं लागतात. तयार पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ लागतं.

पिठाला तेलाचा हात लावून भांडं झाका. 27-28 अंशांना पीठ दुप्पट व्हायला तासभर लागतो. पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. बोट कोरड्या मैद्यात बुडवून पिठात खोल रुतवायचं. खड्डा तसाच राहिला तर पुढे जा, लगेच भरून आला तर थांबा, आणि पीठच खाली बसलं तर उशीर झालाय. उशीर झालाच तर फेकू नका. हवा काढून गोळे वळा आणि दुसऱ्या फुगण्यावर बारीक लक्ष ठेवा, ते लवकर आटपेल.

गोळे वळणं इथे वाटतं तेवढं साधं काम नाही, कारण लादी पावाची सगळी उंची त्यावर अवलंबून असते. प्रत्येक गोळा काट्यावर मोजा. मग कडा ओढून खाली आणा, चिमटीत बंद करा, जोड खाली ठेवून तळव्याच्या खोबणीत गोल फिरवा. ओट्यावर मैदा भुरभुरलेला नको, गोळा किंचित अडकला तरच वरची कातडी ताणली जाते. ताणलेली कातडी गॅस धरून ठेवते आणि गोळा वर चढतो. सैल वळलेला गोळा बाजूला पसरतो आणि पाव चपटा होतो. गोळे फिरवताना कातडी फाटू लागली तर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग पुन्हा वळा.

टिनमध्ये चार-चारच्या ओळी, मध्ये साधारण बोटभर जागा. लादी व्हायची तर गोळे फुगून एकमेकांना टेकायला हवेत, म्हणजे त्यांना वर जाण्याशिवाय वाट राहत नाही, आणि टेकलेल्या बाजू भाजताना कवच न धरता मऊ राहतात. 16 गोळे 12 इंची ट्रेमध्ये लांब-लांब ठेवले तर चव तीच येईल, पण ते बन होतील. हे दुसरं फुगणं 35 ते 50 मिनिटांचं. गोळ्याला कडेने हलकं दाबा: खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर ओव्हनची वेळ झाली. झटकन भरला तर थोडं थांबा, नाहीतर पावाच्या बाजू भेगाळतात. अजिबात भरला नाही तर ओव्हनमध्ये पाव चढण्याऐवजी बसेल, वर सुरकुत्या पडतील.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, 200 अंशांवर किमान 15-20 मिनिटं आधी तापवून ठेवा, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू. घरगुती ओटीजीची चकती सांगते तेच तापमान आत असतं असं समजू नये. 20-25 अंशांचा फरक सर्रास असतो, त्यामुळे आत ठेवायचा स्वस्त थर्मामीटर घेतलेला चांगला. पंख्याचा कन्व्हेक्शन ओव्हन असेल तर 180. साध्या मायक्रोवेव्हमध्ये पाव होत नाही, तो रबर होतो. वरून दुधाचा हात फिरवा, टिन मधल्या फळीच्या किंचित खाली ठेवा, 18 ते 20 मिनिटं. वरचा रंग लवकर येऊ लागला तर फॉइल टाका, वेळ मात्र कमी करू नका. मधल्या पावात थर्मामीटर खुपसला तर 93 ते 95 अंश दिसले पाहिजेत. बाहेर काढल्या-काढल्या लोणी लावा, टिनमधून जाळीवर काढा आणि सुती फडक्याने झाका. टिनमध्येच ठेवलात तर वाफ खाली साचून बूड ओलं होतं. फडकं नाही टाकलं तर कवच कडक होतं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई किंवा कुकर चालतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून टाका, पाणी घालायचं नाही, आत स्टँड ठेवा, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग टिन ठेवून मंद आचेवर 25 ते 30 मिनिटं. पाव आतून नीट होतो, पण वरून पांढराफटक राहतो. तव्यावर लोणी सोडून पालथा घालून घ्या. पावभाजीला तर तसाही शेकायचाच असतो.

हा पाव बेकरीपेक्षा स्वस्त पडतो असं कुणी सांगत असेल तर विजेचं बिल आणि तुमचा वेळ त्याने धरलेला नाही. फायदा आत काय पडलंय ते माहीत असण्याचा. 2016 मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने पावाच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेट सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी घातली. ब्रोमेट ग्लुटेन बळकट करतं, त्यामुळे घाईने केलेला पावही उंच येतो. घरी तेच काम मळणं आणि वेळ करतात.

प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने घरचा पाव दोन दिवसांत संपवावा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. पाव शिळा होतो तो नुसता वाळल्यामुळे नाही, मैद्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो म्हणून, आणि ते फ्रीजच्या थंडीत सगळ्यात झपाट्याने होतं. जास्तीचे पाव त्याच दिवशी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका, खायच्या वेळी काढून गरम करा. पावसाळ्यात एक वेगळा त्रास होतो. पावाचा मधला भाग चिकट होतो, तोडला की तार सुटते आणि अति पिकलेल्या फळाचा वास येतो. बुरशी दिसत नसली तरी तो पाव खाऊ नका. मैद्यातल्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत आणि दमट उष्ण हवेत वाढतात. मळताना छोटा चमचाभर व्हिनेगर घातलं तर त्यांना आळा बसतो.

पुढचा प्रयोग कणकेचा करावासा वाटेलच. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवत आणि कोंडा लावलेली पोय हा तिथला पाव आजही मिळतो, तेव्हा भरड पिठाचा पाव आपल्याला नवा नाही. पण पूर्ण कणकेचा लादी पाव मऊ होईल ही अपेक्षा सोडा. कोंड्याचे कण ग्लुटेनचा पडदा कापत जातात. 400 पैकी 120 ग्रॅम कणीक घ्या, पाणी 265-270 ग्रॅमवर न्या, कारण चक्कीत दळताना चुरडलेला स्टार्च जास्त पाणी ओढतो. सुरुवातीचं झाकून ठेवणं 20 ऐवजी 40 मिनिटं करा. 160 ग्रॅम कणकेपर्यंत पाव चांगला चढतो, त्यापुढे उंची दिसेल एवढी कमी होत जाते.